लाल गाडी आणि काठोकाठ पेला

आमच्या दादाने सत्तरीला टेकल्यावर स्पोर्ट्‌स कार घेतली. या गोष्टीतली सगळ्यात खोटी वाटणारी बाब हीच आहे आणि नेमकी तीच खरी आहे. बाकीच्याचं मी बघून घेतो.

गाडी वापरलेली, पण लाल. दोन माणसांपुरती, आणि इतकी बुटकी की शेजाऱ्यांचं मांजर टपावर चढायला उडी मारायचं नाही, नुसता पाय टाकायचं. बटण दाबलं की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे. आधीचा मालक दातांचा डॉक्टर. त्याला जुळं झालं, दोन सीटच्या गाडीत चौघं मावेनात, म्हणून त्याने जड मनाने गाडी विकायला काढली. "आठवडाभर चालवून बघा," तो दादाला म्हणाला. "नाही पटली तर शनिवारी संध्याकाळपर्यंत परत आणा. मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही." हे म्हणताना तो गाडीचा आरसा रुमालाने पुसत होता.

डॉक्टरला पटवणं सोपं होतं. अवघड प्रकरण आमच्या वरच्या मजल्यावर राहत होतं, आणि त्या प्रकरणाला मी वहिनी म्हणतो.

आमचा छापखाना आहे. खाली मशीन, वर घर. औषधांची खोकी, बिस्किटांच्या पुड्यांचे कागद, शाळेच्या वह्यांची वेष्टनं, असलं काय काय आम्ही छापतो. छापलेलं बरोबर आहे की नाही हे तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. बोललेलं तपासण्याचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मशीन सकाळी चालू झालं की जेवणाची सुट्टी वगळता संध्याकाळपर्यंत धडधडत असतं, आणि त्याच्याबरोबर वरचं घर. वहिनी लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माहेरची फुलदाणी कपाटावर ठेवली. दुपारपर्यंत ती चालत चालत काठाशी आली, खाली वाकून बघितलं आणि उतरली. मी उतरली म्हणतो, वहिनी फुटली म्हणतात. तेव्हापासून आमच्याकडे कप फळीवर ठेवत नाहीत, आकड्याला टांगतात. भिंतीवरच्या तसबिरी येता-जाता ज्याने त्याने सरळ करायच्या. पाहुणेसुद्धा दुसऱ्या दिवसापासून न सांगता करायला लागतात. आणि पेला अर्ध्याच्या वर कधी भरायचा नाही. दादाची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा सासरचे लोक महिनाभर कौतुक करत होते, की सून किती काटकसरी आहे, पाणीसुद्धा अर्धंच वाढते.

या धडधडीचा आवाज आम्हाला येत नाही. आम्हाला ऐकू येतं ते तिचं थांबणं. काम चालू असताना मशीन मध्येच बंद पडलं, तर असेल तो माणूस असेल तिथून धावत खाली येतो. एकदा दादा अर्धी दाढी करून आला होता. त्यानंतर तो दिवसभर कामात अडकला आणि अर्ध्या गावाला वाटलं, आम्ही जुळे भाऊ असून एकाला दाढी आहे.

तर दादाने गाडी आणली ती अंगणापलीकडच्या शेडमध्ये लावली, आणि इंजिन चालू ठेवूनच हॉर्न वाजवला. वहिनी हात पुसत खाली आल्या.

"बस," दादा म्हणाला. "तुझ्यासाठी घेतली."

"माझ्यासाठी? मला वाटलं, डोळे मिटते-उघडते म्हणून घेतलीत."

"डोंगरावरच्या तळ्यापर्यंत जाऊ. लग्न झाल्यावर जायचं ठरलं होतं ना आपलं."

"तेव्हा कॅलेंडरांची छपाई होती," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही होती."

त्यांनी दार उघडलं नाही. तळहात फक्त टपावर टेकवला. मग उचलून बघितला, डिंक लागल्यासारखा.

"ही थरथरते."

"स्पोर्ट्‌स कार आहे. अंगात जोर असतो तिच्या."

"अहो, जोर तुमच्या मशीनच्याही अंगात आहे. त्या जोरावर तर मी इतकी वर्षं काढली. जन्मभर थरथरत्या घरात राहिले, आता थरथरत्या गाडीत बसून तळं बघायला यायची नाही." त्या जिन्याकडे वळल्या, आणि थांबल्या. "एक करा. हिच्या टपावर काठोकाठ भरलेला पेला ठेवा. इंजिन चालू. पाणी हललं नाही तर मी बसेन. हललं तर शनिवारी गाडी डॉक्टरच्या दारात. तुम्हाला एकट्यालाच हिंडायचं असेल तर त्याला सायकल आहे घरात."

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला गाडीची हौस होती हे खरं, पण तळ्याची बाकी जास्त जुनी होती. ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आणि गाडी थरथरत होती हेही खोटं नव्हतं. त्याच संध्याकाळी दादाने तिच्यातून दुधाची बाटली आणली. घरी पोचेपर्यंत बाटलीत लोणी वर आलं होतं आणि दादाच्या कवळीतला एक दात शेजारच्या दाताच्या जागी जाऊन बसला होता. वहिनींनी दुसऱ्या दिवशी केक केला तो त्याच लोण्याचा.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला सगळे पानामास्तर म्हणतात. हातात पाना असल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. टेलिफोनवरसुद्धा दुसऱ्या हातात पाना असतो. पोट असं की गाडीखाली सरकताना ते आधी आत जातं आणि मग मास्तरांना बोलावून घेतं. पण कान तीक्ष्ण, आणि त्यांचं त्यांना स्वतःलाच फार कौतुक.

"उभी असताना थरथरते की पळताना?" मास्तरांनी विचारलं.

"उभी असताना जास्त," दादा म्हणाला.

"म्हणजे चाकं सुटली. दोष चाकांचा असता तर पळताना स्टिअरिंग हातात नाचलं असतं. क्लच दाबल्यावर काही फरक?"

"नाही."

"क्लचही सुटला. राहिलं इंजिन." त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"बोलतंय ते," शेवटी म्हणाले. "चौघं आहेत आत. एक जण कामचोर आहे."

मग त्यांनी चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिनाला ठसका लागला. दुसरी काढली, पुन्हा ठसका. तिसरी काढली तर गाडीला त्याची दादच नाही, होती तशीच हलत राहिली.

"हा बघा. तिघं मिळून कपाट उचलतायत आणि हा नुसता हात लावून बरोबर चालतोय. याला मिसिंग म्हणतात."

प्लग काढला तर काजळीने काळाठिक्कर. तो बदलला, त्याची वायर बदलली. मग मास्तरांनी दादाला गाडी गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायला लावला आणि स्वतः उघड्या बॉनेटखाली बघितलं. इंजिन अंथरुणातून दचकून उठल्यासारखं वर आलं आणि धप्पकन बसलं. ज्या रबरी बैठकांवर ते ठेवलेलं असतं, त्यातली एक फाटून तिचे दोन तुकडे झाले होते. तीही नवी बसली. बुधवारी दुपारी मास्तरांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये टपावर भरलेला पेला ठेवला, इंजिन चालू केलं, आणि पाण्यात बघून मिशा सारख्या केल्या.

"न्या," ते म्हणाले. "आता वहिनींना म्हणावं, टपावर पत्त्यांचा बंगला बांधा."

दादा शिट्टी वाजवत गाडी घेऊन आला. शेडमध्ये लावली. वहिनींनी पाहुण्यांसाठीचा काचेचा पेला आणून काठोकाठ भरला. आमच्या घरात तो इतका भरलेला कोणी पाहिला नव्हता. दादाने इंजिन चालू केलं.

पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठत होत्या. काठापासून मध्याकडे, मध्यापासून काठाकडे.

"हलतंय," वहिनी म्हणाल्या आणि पेला न उचलता वर गेल्या.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी वळ्या बघितल्या, डोकं खाजवलं, गाडी नेली. त्यांच्याकडे पाणी आरशासारखं. गाडी परत आणली, आमच्याकडे पाणी हलतंय. पुन्हा नेली, उरलेल्या सगळ्या बैठकाही बदलल्या, सायलेन्सर आवळला, पेलासुद्धा बदलला. परत आणली. वळ्या.

"माझ्याकडे गुणी, तुमच्याकडे नाठाळ," मास्तर म्हणाले. "ही गाडी आहे की तुमचा नातू?"

"माझं मत विचाराल तर—" मी म्हणालो.

"नाही विचारत," दादा म्हणाला.

"—ती वहिनींना घाबरते. मी बोटीवर असताना आमच्या बोटीचं इंजिनही कप्तानाच्या बायकोला घाबरायचं. ती डेकवर आली की बोट इतकी लटपटायची, की कप्तान वस्तरा नुसता गालाजवळ धरून उभा राही, दाढी आपोआप होई."

"भाऊजी, तुम्ही बोटीवर कधी होतात?" वरून वहिनींचा आवाज आला.

"मधल्या सुट्टीत," मी म्हणालो.

शनिवार उजाडला. जेवणं झाली, खाली काम पुन्हा सुरू झालं, आणि दादाने शेवटची परीक्षा घ्यायची ठरवलं. सकाळपासून त्याने शिट्टी वाजवली नव्हती. मास्तर आले होते, पाना खिशात ठेवून, म्हणजे तेही गंभीर होते. वहिनी खाली आल्या तेव्हा मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनी चालायचे बूट घातले होते, आणि खांद्यावर डोक्याला बांधायचा रुमाल होता. म्हणजे त्यांनाही जायचं होतं. त्या मला असं काही बोलून दाखवणाऱ्यातल्या नाहीत, पण बुटांना काय, ते बोलतातच.

पेला भरला. इंजिन चालू झालं. वळ्या उठल्या.

वहिनींनी रुमालाची घडी केली. "गाडी दिसायला छान होती हो," त्या म्हणाल्या, आणि वर गेल्या. दादाने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि डॉक्टरने दिलेली दुसरी किल्ली शोधायला तोही गेला. मास्तर नळाकडे हात धुवायला गेले.

मी एकटा उरलो. मला तहान लागली होती, आणि भरलेला पेला समोर होता. इतकं पाणी एकदम प्यायची संधी आमच्या घरात मिळत नाही. मी हात पुढे केला आणि थांबलो.

पाणी हलत होतं.

गाडी बंद होती. किल्ली दादाच्या खिशात होती. मी वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं. वळ्या काठापासून मध्याकडे, मध्यापासून काठाकडे, अगदी ठेक्यात. मी टपावरून पेला उचलून जमिनीवर ठेवला. जमिनीवरही तेच. पेला परत टपावर ठेवला आणि मी जिना चढून वर धावलो. माझं वय आणि आमचा जिना, दोन्ही लक्षात घ्या.

"दादा, गाडी बंद आहे आणि पाणी हलतंय."

दादा खण उपसत होता. त्याने मागे वळूनही बघितलं नाही. "आज नको रे," तो म्हणाला.

रागावला असता तर बरं झालं असतं.

"वहिनी, देवाशपथ. बंद गाडीवर पाणी हलतंय."

"हो का? आणि गाणं नाही म्हटलं गाडीने?"

मास्तरांना गाठलं. त्यांचे हात कोपरापर्यंत साबणाने माखले होते. "परवा तुम्हीच म्हणालात, वहिनींना घाबरते म्हणून," ते म्हणाले. "आता तुम्हाला घाबरत असेल."

जन्मभर थापा हातोहात खपल्या, आणि खरी गोष्ट एकच आणली बाजारात तर फुकट न्यायलाही कोणी तयार नाही. माझ्या डोक्यात उजेड पडला होता, पण तो दुसऱ्याला दाखवायचा तर एकच मार्ग होता. मशीन बंद करायचं. आणि आमच्याकडे चालू कामात मशीन बंद करायला सांगणं म्हणजे चालत्या लग्नात नवऱ्या मुलाला जरा उठ म्हणण्यासारखं आहे.

मी मशीनमनजवळ गेलो. तो गेली कित्येक वर्षं त्याच मशीनवर आहे आणि मशीनपेक्षा कमी बोलतो.

"बंद कर," मी म्हणालो.

"मालकांनी सांगितलं?"

"मी सांगतोय."

"मग नाही."

"अरे, खरंच काम आहे. पेल्यातलं पाणी—"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की पुढचं वाक्य मी गिळलं. खऱ्याने काम होत नव्हतं. मग मी माझ्या खात्रीच्या हत्यारावर आलो.

"दादा म्हणाला, तुझी शाई फिकी उतरतेय."

त्याचा चेहरा माझ्यादेखत काळा, मग निळा, मग लाल झाला, ज्या क्रमाने आम्ही रंग चढवतो त्याच क्रमाने. त्याने दांडा ओढला. मशीन दोन उसासे टाकून थांबलं.

शांतता पडली. अशी शांतता की अंगणातल्या मुंग्या रांग सोडून इकडेतिकडे बघायला लागल्या. आणि लगेच वर धावपळ ऐकू आली. दादा दोन्ही किल्ल्या घेऊन आला, वहिनी एका पायात बूट घालून आल्या, मास्तर साबणाच्या फेसासकट आले.

"काय झालं? काय अडकलं?"

मी शेडमध्ये गाडीजवळ उभा होतो आणि तोंड मिटलेलं होतं. तोंड उघडून काय होतं ते नुकतंच बघितलं होतं. मी नुसतं पेल्याकडे बोट केलं.

तिघंही वाकले. पेल्यात शेडचं छप्पर दिसत होतं, त्यातलं भोक दिसत होतं, भोकातून आभाळ दिसत होतं. सगळं जागच्या जागी.

"चालू कर," मी मशीनमनला ओरडून सांगितलं.

मशीन धडधडलं. छप्पर मोडलं, आभाळ मोडलं, वळ्या उठल्या.

"बंद कर."

पाणी निजलं.

मास्तरांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, गुडघे टेकले, टोक जमिनीवर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. "पुन्हा चालू करायला सांगा," ते म्हणाले. ऐकून झाल्यावर त्यांनी दादाकडे वर बघितलं. "मालक, मिसिंग तुमची फरशी मारतेय."

"फरशी कशी मारेल?" दादा म्हणाला. "मशीन तिकडे, शेड इकडे, मध्ये अंगण—" आणि तो बोलता बोलता थांबला. कारण हे मशीन बसवलं तेव्हा त्याच्या पायासाठी कालवलेलं काँक्रीट बरंच उरलं होतं, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून दादानेच ते अंगणातून शेडपर्यंत ओढून एका दमात ओतून घेतलं होतं. वर फरशा बसल्या आणि आम्ही विसरून गेलो. वरचं घर हलतं हे आम्हाला माहीत होतं. शेडची जमीनही हलते हे आमच्या पायांना सांगायला तिथे कोणी बाहेरचं आलंच नव्हतं. मास्तर आले, पण ते स्वतः दिवसभर हातोड्यांच्या आवाजात असतात.

"म्हणजे गाडी बुधवारपासून बरी आहे," मास्तर सावकाश म्हणाले. त्यांचा पाना आपोआप हातात आला. "मी बुधवारी म्हणालो होतो. लक्षात असू द्या."

"आधी बघू द्या," वहिनी म्हणाल्या. "मशीन बंद राहू दे."

दादाने किल्ली लावली. इंजिन चालू झालं. पाणी एकदा शहारलं, माशी बसल्यावर गाईची कातडी शहारते तसं, आणि स्थिर झालं. वहिनी टपावर वाकून बघत राहिल्या.

"भाऊजी, जरा मागे व्हा. तुमचा श्वास लागतोय पाण्याला."

मी मागे झालो. त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला, एक थेंब न सांडता, आणि उभ्या उभ्या तळापर्यंत पिऊन टाकला. मग रिकामा पेला माझ्या हातात दिला, वर जाऊन दुसरा बूट घालून आल्या आणि गाडीचं दार उघडलं.

"यात बसायचं की पडायचं?"

"आधी पड," दादा म्हणाला, "मग बसशील आपोआप."

ते गेले. कोपऱ्यावरून वळताना दादाने दिवसाउजेडी दिवे वर काढले, नुसते दाखवायला. संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला. मी सांगितलं, गाडी तळ्यावर गेली आहे. मागे जुळी रडत होती. तो म्हणाला, वळणांवर फार छान धरते ती रस्ता. मला त्याचं वाईट वाटलं, म्हणून मी त्याला सांगितलं की दर रविवारी ती एखाद्या तासापुरती मोकळी असेल. दादाला हे अजून माहीत नाही.

दिवेलागणीला गाडी परत आली. दादा उतरला तो माझ्यावर चिडूनच. "मशीनमन मला काय म्हणाला माहीत आहे? निघताना म्हणाला, डोळे तपासून घ्या. कोणी सांगितलं त्याला शाई फिकी आहे?"

"तो विषय सोड. वहिनींना कसं वाटलं?"

"कसं वाटणार? दुसऱ्या वळणावर झोपली. थेट तळ्यावर उठवलं."

वहिनी गाडीतून बाहेर यायची खटपट करत होत्या. आधी एक पाय, मग रुमाल, मग उरलेल्या वहिनी.

"बघितलंत का तळं?" मी विचारलं.

"बघितलं."

"पाणी स्थिर होतं?"

"नाही हो. वारा होता," त्या म्हणाल्या. "सगळं तळं बारीक हलत होतं. बरं वाटलं. घरच्यासारखं."

आणि त्या वर गेल्या. जाताना सवयीने त्यांनी जिन्यातली तसबीर सरळ केली. मशीन दुपारपासून बंद होतं आणि तसबीर सरळच होती. तरी केली.